कातळावर पाय ठेवताना

प्रशिक्षकाबरोबर पहिल्यांदा कातळ चढायला जाणाऱ्यांसाठी काही सांगा, असं आकाशवाणीने मला कळवलं आणि सोबत मुद्देही लिहून दिले. दोर, गाठी, सामान, सुरक्षितता, ऋतू. सगळे घ्यायचा प्रयत्न करतो. पण सुरुवात मी पायांपासून करणार आहे, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक नवखा सुरुवात हातांपासून करतो आणि तिथेच फसतो.

घरातली शिडी आठवा. माळ्यावरचं पातेलं काढायचं असतं, आपण शिडी लावतो आणि चढतो. चढताना दंडाच्या जोरावर स्वतःला वर ओढतो का? नाही. पाय वरच्या पायरीवर टाकतो, गुडघा सरळ करतो, अंग आपसूक वर जातं. हात फक्त तोल सांभाळतात. आता हाच माणूस कातळापुढे उभा करा, तो शिडी साफ विसरतो. मान वर, डोळे वर, हात जातील तितके वर. हाताला लागेल ती कपार मुठीत आवळायची आणि खेचायचं. पाय खाली कुठे आहेत याचा पत्ताच नसतो. चार-पाच वेळा असं खेचलं की कोपरापासून मनगटापर्यंत हात टणक होतो, बोटं आपोआप उघडायला लागतात. मग वरून आवाज येतो, "सर, माझ्या हातात ताकदच नाही!" अरे, ताकद आहे. भरपूर आहे. ती मांड्यांत आहे, आणि मांड्यांना तू कामच दिलेलं नाहीस.

म्हणून वर्गात पहिलं वाक्य हेच असतं, आजही हेच: पायांवर उभे राहा.

व्यायामशाळेत दंड कमावलेली मुलं पहिल्या दिवशी लवकर दमतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खेचता येतं म्हणून ती खेचत राहतात. याउलट एखाद्या काकू येतात. मुलाला सोडायला आलेल्या असतात, आम्ही आग्रह करतो म्हणून हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा पट्टा, चढवतात. खेचणं आपल्याला जमणार नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे त्या पाय कुठे ठेवायचा ते शोधत, थांबत, विचारत जातात आणि सावकाश वर पोचतात. मुलगा खाली हात झटकत बसलेला असतो.

आता पाय ठेवायचा कसा? आपण जमिनीवर अख्खा तळवा टेकवतो, ती सवय कातळावर उपयोगाची नाही. बुटाचा पुढचा भाग, अंगठ्याकडची कड, तेवढीच टेकवायची. बोटभर रुंदीची कड असली तरी माणूस तिच्यावर उभा राहतो. पहिल्या दिवशी कोणाला हे पटत नाही, संध्याकाळपर्यंत पटतं. पाय जागेवर नीट टेकेपर्यंत नजर त्याच्यावरून हलवायची नाही. आणि एकदा ठेवला की ठेवला. पुन्हा उचल, पुन्हा सरकव, पुन्हा घास, असं करायचं नाही. बुटाचा आवाज होता कामा नये. मी तर खाली डोळे मिटून उभा राहतो आणि कोणाचे पाय वाजतात ते ऐकतो. ज्याचे वाजत नाहीत, तो शिकला.

कधी पाय थरथरायला लागतो. गुडघ्यापासून लटलट कापतो, थांबवू म्हणता थांबत नाही. मुलं घाबरतात, वाटतं आता पडलोच. त्यात भीतीचा भाग असतो, पण बराचसा दोष वर उचललेल्या टाचेचा असतो. टाच उंच धरून चवड्यावर ताटकळलं की पोटरी दमते. टाच खाली करा, एक लांब श्वास सोडा, थरथर ओसरते. पुन्हा सांगतो, टाच खाली.

आणखी एक. भीती वाटली की माणूस कातळाला मिठी मारतो. पोट, छाती, गाल, सगळं दगडाला चिकटवतो. त्याला वाटतं, जितकं जवळ तितकं सुरक्षित. उतरत्या, सपाट कातळावर होतं उलटंच. अंग पुढे झुकलं की पाय मागे, बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि सटकतात. तेच कंबर जरा बाहेर काढून सरळ उभं राहिलं, तर सगळं वजन तळव्यातून खाली दगडात दाबलं जातं आणि बुटाचं रबर धरून ठेवतं. बाहेर झुकायला सांगितलं की मुलं माझ्याकडे अविश्वासाने बघतात. बघू देत. सरळ उभे राहा. पायांवर उभे राहा.

हे काही आम्ही परदेशी पुस्तकांतून आणलेलं शहाणपण नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर किल्ल्यावर गेले असतील. नसतील गेले तर त्या उभ्या पायऱ्यांची छायाचित्रं तरी पाहिली असतील. पुढच्या वेळी गेलात तर पायरी नीट बघा. मधोमध पाऊल टेकायला जागा आहे, आणि दोन्ही बाजूंना बोटं घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत. पायाला अख्खी पायरी आणि हाताला केवळ बोटं अडकवण्यापुरती खोबण. ज्या पाथरवटाने ती कोरली, त्याला काम कोणी करायचं आणि आधार कोणी द्यायचा हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या अनेक गडांवर, पायऱ्या मोडल्या किंवा मुद्दाम फोडल्या तिथे, कातळात नुसत्या पावठ्या आहेत. चवडा मावेल एवढीच खाच. गावातली माणसं त्यांवरून अनवाणी जातात, डोक्यावर ओझं असलं तरी जातात. हात मोकळे नसतात, तरी त्यांचं अडत नाही. शहरातून आलेले आम्ही मात्र महागडे बूट घालून दोन्ही हातांनी दगड कवटाळतो.

रायगडची हिरकणी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दंतकथा म्हणा, पण एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. हिरकणी कडा चढली नाही, ती उतरली. आणि उतरणं अवघड असतं. चढताना पुढची कपार डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय कुठे टाकायचा ते आपल्याच अंगाआड जातं. म्हणून पहिल्याच दिवशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, आम्ही मुलांना खाली उतरायलाही लावतो. त्यांना कंटाळा येतो. त्यांना वर जायचं असतं. पण ज्याला उतरता येतं, त्याची चढतानाची निम्मी घालमेल कमी होते.

दगडाबद्दल थोडं बोलायला हवं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, थिजले, त्यांचा हा डोंगर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून आपले डोंगर लांबून टप्प्याटप्प्यांचे दिसतात. हा दगड थंड होताना तडकलेला आहे. त्याचे ठोकळे कधी घट्ट बसलेले असतात, कधी नुसते टेकलेले. त्यामुळे हात घालण्याआधी दगडावर थाप मारून बघायची. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तो दगड सोडायचा. आणि कपार धरली तर जोर खाली लावायचा, स्वतःकडे ओढायची नाही; ओढली तर ती तुमच्याबरोबर येते. गवताचा झुबका कधीच धरायचा नाही. दगड सुटलाच तर मोठ्याने "दगड!" म्हणून ओरडायचं, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, भिंतीला खेटायचं. वर न बघणं फार कठीण असतं. त्यासाठीच डोक्यावर हेल्मेट, आणि तेही चढाईसाठी बनवलेलं. मोटरसायकलचं नाही.

दोराकडे आता वळतो, मुद्द्यांच्या कागदावर तो पहिला होता. पहिल्या दिवशी दोर तुमच्या वरून येतो. कड्याच्या माथ्यावर एकाहून अधिक भक्कम जागी अँकर, म्हणजे दोर पेलणारा आधार, बांधलेला असतो. दोराचं एक टोक त्यातून येऊन तुमच्या हार्नेसला आठच्या गाठीने बांधलेलं असतं, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात. तुम्ही वर सरकाल तसा तो दोर ओढून घेतो. हात सुटला तर फारसे खाली येत नाही, दोर थोडा ताणतो आणि तुम्ही लोंबकळता. चढाईचा दोर मुद्दाम असा ताणणारा बनवतात, म्हणजे झटका बसत नाही. हे सगळं खाली ऐकून पटत नाही. म्हणून पुरुषभर उंचीवर आम्ही सांगतो, दोन्ही हात सोड आणि दोरावर बस. काही मुलं लगेच बसतात. काहींना बराच वेळ लागतो. थांबायला आमची हरकत नसते. निघण्याआधी मात्र दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचा पट्टा आणि कॅराबिनर या कडीचा स्क्रू तपासायचा. दरवेळी. वीस वर्षं चढणाऱ्यानेही.

आता जरा पालकांशी बोलतो. रागावू नका. मुलगी भिंतीवर अर्ध्यात अडकली आहे, पाय शोधते आहे, आणि खालून आई-बाबांचा गजर सुरू असतो. "घाबरू नकोस! वरचा दगड पकड! खाली बघू नकोस!" अहो, खालीच तर बघायचं आहे तिला, पाय खाली आहेत. "घाबरू नकोस" ही काही सूचना नव्हे. त्याने कोणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. कातळावर एका वेळी एकाच माणसाचा आवाज पोचला पाहिजे, तो बिले देणाऱ्याचा किंवा प्रशिक्षकाचा. बाकीच्यांनी सावलीत बसावं. आणि मोबाइल पुढे करून "इकडे बघ, हस" हे तर कृपा करून करू नका. ती हसायला वर गेलेली नाही.

तरुणांसाठीही दोन शब्द. २०१७ साली ॲलेक्स होनोल्ड अमेरिकेतला एल कॅपिटन हा सुमारे ३००० फुटांचा कडा दोराशिवाय चढला. त्याच्यावरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तुम्ही सगळ्यांनी तो पाहिला आहे. त्याच वाटेवर त्याने आधी दोर बांधून महिनोन्‌महिने सराव केला होता, एकेक पाय कुठे ठेवायचा हे पाठ केलं होतं, हेही त्यातच दाखवलं आहे. तो भाग मुलं पुढे सरकवतात. नागफणी, तैलबैला, जीवधनशेजारची वानरलिंगी, लिंगाणा, आपल्याकडच्या या कड्यासुळक्यांची नावंही मला पहिल्याच दिवशी विचारली जातात. वेळ आली की जाल. आधी बेलापूरच्या धोंड्यांवर किंवा तुमच्या गावाजवळच्या बुटक्या कातळावर पाय न वाजवता चढून दाखवा.

घड्याळ पुढे गेलं आहे, उरलेलं भराभर सांगतो. प्रशिक्षक निवडताना लाजू नका, विचारा. तुमचं शिक्षण कुठे झालं? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आहे, दार्जिलिंगची त्याही आधीपासून, १९५४ ची. तिथे बेसिक, मग ॲडव्हान्स आणि त्यापुढे शिकवण्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो. दोर किती जुना आहे, विचारा. एका प्रशिक्षकामागे किती माणसं, विचारा. प्रथमोपचार कोणाला येतात आणि जवळचं रुग्णालय कुठे आहे, विचारा. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकाने नोंदणी करायची असते. ती आहे का, तेही विचारा. जो चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

ऋतू हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा चढायचं नाही, कितीही हिरवंगार दिसलं तरी. उन्हाळ्यात काळा दगड दुपारी हात लावू देत नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती भिंत सोडायची. अत्तर लावून यायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. दोरावर पाय द्यायचा नाही, त्यात खडे घुसतात आणि आतले धागे कापतात. दगडावर नावं लिहायची नाहीत, हे खरं तर सांगावं लागू नये.

गाठींबद्दल बोलायचं राहिलं. ते काही रेडिओवर शिकवता येणार नाही, त्या हातानेच शिकायच्या. काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण झाली आहे. या हिवाळ्यात कुणी जाणार असाल तर निघण्याआधी नखं कापा आणि बोटातली अंगठी घरी काढून ठेवा. ती कपारीत अडकली आणि अंगाचं वजन तिच्यावर आलं, तर बोटाला कायमची इजा होते.