नांदेड-४४ च्या मुलखातील मुले

(माध्यमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर. आनुवंशिकतेवर आपल्यापुढे बोलण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला. अनेक वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या रानात कपाशीचे एक झाड उंच, तर शेजारचे खुजे पाहून मी ‘बोगस बियाण्या’ची बातमी दिली. नंतर कळले, त्याने संकरित कपाशीची घरचीच सरकी पेरली होती. दुकानदार निर्दोष होता. संकराच्या पुढच्या पिढीत गुण असे विखुरतातच. हे त्यालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

आणि हे घडले कोठे? ज्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण दिला, त्याच परिसरात! २००२ नंतर बीटी वाणांनी त्याला मागे सारले, ही गोष्ट वेगळी. शेजारच्या लातूरच्या ‘पॅटर्न’चा मला अभिमानच आहे, परंतु मेंडेलचे ३:१ हे प्रमाण मुखोद्गत असलेल्या किती मुलांनी कपाशीचे फूल उकलून पाहिले असेल?

सहावी ते आठवी ही तीन वर्षे या कामाला नेमकी पुरतात. रुंद पानांची अमेरिकन कपाशी आणि भेंडीसारख्या चिरलेल्या पानांची अमेरिकन कपाशी शाळेच्या आवारात लावावी. सहावीच्या मुलांनी भाद्रपदातल्या एखाद्या सायंकाळी, उद्या उमलणारी कळी निवडून तिच्या पाकळ्या व पुंकेसर नखाने अलगद काढावेत, वर कागदी पिशवी चढवावी. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग स्त्रीकेसरावर लावून देठाला दोरा बांधावा. ती सरकी सातवीत पेरली की सगळी पाने मधल्याच घडणीची येतील. तेथे कळ्यांची टोके उमलण्यापूर्वी दोऱ्याने बांधावीत, म्हणजे परका पराग शिरणार नाही. आठवीत मात्र तिन्ही प्रकारची पाने दिसतील आणि प्रमाण ३:१ नव्हे, १:२:१ च्या जवळपास येईल.

मुले विचारतील, “सर, पुस्तकातले चुकले काय?” चुकलेले नाही, येथे कोणताच गुण दुसऱ्याला पूर्ण झाकत नाही. पण ते लगेच सांगू नका. आधी मोजू द्या. दहा-वीस झाडांत हिशेब जुळत नाही, शंभरेक तरी हवीत. आवार अपुरे पडले तर एखाद्या पालकाच्या बांधालगतचा तुकडा मागा, आणि मोजणीच्या दिवशी त्या पालकालाही बोलवा.