नळावर कोण, गटारात कोण?

(पुण्यात युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला कामगार. दहावी पास. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज पाइपाबद्दल बोलणार आहे. हसू नका. प्रत्येक घराला दोन पाइप असतात. एक चांगलं पाणी आत आणतो, दुसरा घाण बाहेर नेतो. प्लंबिंगच्या विद्येत ही दोन्ही कामं एकाच माणसाची. आटे पाडायचे, सफेदा लावून सूत गुंडाळायचं, ढाळ काढायचा, ट्रॅप बसवायचा. एकच हात, एकच पाना. पण ह्या समाजानं त्या एका विद्येचे दोन तुकडे केले. नळाच्या पाइपावर काम करणारा मिस्त्री झाला, त्याला चहा विचारतात. गटाराचा पाइप आपल्या वाट्याला आला. आपल्याला नाव पण विचारत नाहीत. 'ए, इकडं ये,' बस.

हे पुण्यातच बोललं पाहिजे. इथंच जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली २० मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. ती लढाई पाण्याला हात लावण्याची होती. आजची लढाई त्याच लढाईची पुढली पायरी आहे. पाणी घरोघर नेण्याची विद्या आपल्या हातात पाहिजे.

कारण ह्या देशात विद्याही शिवाशिव बघून वाटली गेलीय. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या थुंकीनं दुसरा कामगार बाटायचा! विणाईला पगार जास्त होता, हे नीट ध्यानात घ्या. कमी पगाराच्या खात्यात आपला घाम चालत होता, जास्त पगाराच्या खात्यात थुंकी चालत नव्हती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगार-कामगार भाऊ म्हणता, मग आमच्यासाठी हे दार का बंद?

कुणी म्हणेल, आता कुठंय तसलं? पोरानं शिकावं, कोण अडवतं? मी सांगतो कोण अडवतं. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई भागातले प्लंबर देशभर काम करतात. काका पुतण्याला आणतो, मामा भाच्याला शिकवतो. मेहनतीचे लोक आहेत, त्यांच्याशी आपलं वैर नाही. पण ज्या पोराला धंद्यात मामा नाही, त्यानं कुणाचा हात धरायचा? त्याचा मामा म्हणजे कायदा.

कायदा आहे. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या शिकाऊंसाठी जागा राखायची तरतूद आली. २०१९ च्या नियमांनी ठरवलं की तीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतील, आणि किमान विद्यावेतन महिन्याला ५,००० ते ९,००० रुपये राहील. कागद चांगला आहे. पण २०१४ साली ह्याच कायद्यातून मालकाच्या तुरुंगवासाची भीती काढून टाकली, नुसता दंड ठेवला. शिकाऊ हा कामगार नाही, असंही हा कायदा म्हणतो. कामगार नाही म्हणजे युनियन नाही, आवाज नाही.

माझ्या वस्तीतल्या एका पोराचं सांगतो. एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागला. वर्षभर त्याच्या हातात डाय दिला नाही. पण पहिल्याच आठवड्यात चेंबरचं झाकण उघडायला त्यालाच बोलावलं. बाकीचे चार शिकाऊ उभे होते. साहेबानं फक्त आडनावांची यादी वाचली होती.

आता विद्येची किंमत बघा. न्हाणीच्या ट्रॅपात कायम थोडं पाणी साचून राहतं. तेवढंच पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. ज्यानं ट्रॅप बसवायला शिकलं, त्याला तो वायू कळतो. तो वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तिथंच तो कोसळतो. हे आपल्या पोरांना कोणी सांगितलं? २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं विनासुरक्षा गटारात उतरवायला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख म्हटलं. मेल्यावर तीस लाख, आणि जिवंतपणी शिकायला महिन्याला पाच हजार द्यायला ह्यांचा हात आखडतो!

आपण एकटे नाही. ऑस्ट्रेलियात मोरी नावाचं गाव आहे. तिथं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात मूळनिवासींना बंदी होती. १९६५ साली चार्ल्स पर्किन्स हा मूळनिवासी विद्यार्थी सिडनीहून बसभर पोरं घेऊन गेला आणि त्या तलावावर धडकला. त्यांचं ते महाडच. त्याच देशात २०१५ पासून केंद्र सरकारचं धोरण आहे: ठरावीक मोठी सरकारी कंत्राटं घेणाऱ्यानं मूळनिवासींना कामात किंवा पुरवठ्यात वाटा द्यायचा. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. पण कंत्राटातच अट घातली, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

पुण्यात महापालिकेनं टाक्या, जलवाहिन्या आणि मीटरची मोठी योजना काढली. नाव काय? समान पाणीपुरवठा! नावात समता आली, आता खंदकात पाइप टाकणाऱ्या हातांत येऊ द्या. आपली मागणी साधी आहे. पाणी आणि ड्रेनेजच्या प्रत्येक कंत्राटात शिकाऊंची अट घाला, आपल्या राखीव जागा भरा, यादी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा. शिकाऊला दोन्ही पाइप शिकवा. मुलींना घ्या. आणि शेवटी परवाना त्याच्या नावावर द्या, कंत्राटदाराच्या नाही.

उद्यापासून आपल्या वस्तीत दहावी झालेल्या पोरापोरींची यादी करा. औंधच्या आयटीआयत चला, अर्ज भरा. नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी देत नसतील तर दारात बसा. गटारात उतरायला आपल्याला कधी अर्ज करावा लागला नाही. नळापर्यंत पोचायला मात्र भांडावं लागणार आहे.

जयभीम.