जुनी मोटार घेतांना

गुरांच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी बैलाच्या रंगाकडे आधीं पाहत नाहीं. तो त्याच्या तोंडांत पाहतो. दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला अशा पायऱ्यांनीं जनावराचें वय त्याला कळतें. मग तो बैलाला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, खूर निरखतो, आणि शेवटीं रुमालाखालीं बोटें दाबून किंमत ठरते. गेवराईच्या परिसरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही विद्या आहे. परंतु त्याच घरांतला मुलगा जेव्हां वडिलांच्या कापसाचे पैसे घेऊन जुनी मोटार पाहावयास निघतो, तेव्हां ही विद्या तो बहुधा घरींच ठेवून जातो. आणि रंग चकचकीत आहे, गाणीं चांगलीं वाजतात, एवढ्यावर भुलून दोनतीन लाख रुपये मोजून मोकळा होतो.

गेवराई हें सोलापूर-धुळे महामार्गावरचें तालुक्याचें गांव. दक्षिणेस बीड सुमारें पस्तीस किलोमीटर. उत्तरेस शहागडचा गोदावरीवरील पूल ओलांडून छत्रपति संभाजीनगरची वाट. आणि बीडच्या रस्त्यावर गढीपासून माजलगावकडे फांटा फुटतो. अशा गांवीं मोटार ही चैन राहिलेली नाहीं. रात्रीं दोन वाजतां घरांतील म्हाताऱ्या माणसाच्या छातींत दुखूं लागलें, कीं जिल्ह्याचें रुग्णालय गांठण्यासाठीं दारांत उभी असलेली गाडी सुरू होते कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांना नसतें. म्हणून जुनी घ्यावी लागते, आणि त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र ती विश्वासाची हवी.

जुन्या मोटारीच्या व्यवहारांतली मूळ अडचण जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत मांडली. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा सावधगिरीनें मध्यम प्रतीची किंमत देऊं करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाहीं, म्हणून तो आपली गाडी बाजारांत आणीतच नाहीं. आणि मागें उरतात त्या बहुतेक रद्दी गाड्या. २००१ मध्यें अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्याच्या मुळाशीं हा विचार होता. गेवराईच्या चहाच्या दुकानांत हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली जाते: चांगली गाडी चौकांत उभी राहत नाहीं, ती घरच्या घरीं खपते. डॉक्टरांची, मास्तरांची, बँकेंतल्या साहेबांची गाडी ओळखीच्याच माणसाकडे जाते, हा अनुभव खोटा नाहीं. तरी पण ओळख म्हणजे तपासणी नव्हे. ओळखीच्या माणसाची गाडी उलट अधिक नीट पाहावी, कारण ती बिघडली तर पैशांबरोबर संबंधही जातात.

गाडी पाहावयास जावयाचें तें सकाळीं, आणि ती आधीं सुरू करून ठेवूं नये असें बजावून. इंजिन थंड असलें पाहिजे. घेणारा येण्यापूर्वीं ज्यानें गाडी गरम करून ठेवली, त्यास कांहीं तरी झांकावयाचें आहे असें समजण्यास हरकत नाहीं. बॉनेटवर हात ठेवला कीं तें कळतें. इंजिन सुरू होतांच मागच्या नळीकडे पाहावें. थंडीच्या सकाळीं थोडी पांढरी वाफ निघते, ती लवकरच जाते. परंतु इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत जळत असण्याचा संभव मोठा. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं. मग इंजिन बंद करून तेलाचें झांकण उघडावें. त्याच्या आंतल्या बाजूस सायीसारखा पांढरट थर असेल, तर तेलांत पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी आणि जाणत्या मेकॅनिकाखेरीज पुढें बोलूं नये. मेकॅनिकही विकणाऱ्यानें आणलेला नको, आपला हवा. त्याची मजुरी दिली तर ती वायां जात नाहीं.

गाडी मिटरावर किती चालली हें विचारण्याची रीत आहे, पण त्या आंकड्यावर विसंबण्याची रीत नसावी. हल्लींचे मिटर विजेवर चालतात, आणि ते मागें फिरवणें हें जाणकाराला थोड्या वेळाचें काम आहे. बैलाचे दांत मात्र कोणाला मागें फिरवितां येत नाहींत, आणि मोटारीलाही तसे दांत आहेत; ते मिटरांत नसून अन्यत्र आहेत. पायाखालच्या पेडलांचें रबर झिजून गुळगुळीत झालें आहे, स्टिअरिंगची कातडी चकाकते आहे, चालकाच्या आसनाची कड बसली आहे, आणि मिटर मात्र तीस हजार किलोमीटर दाखवतो, अशी विसंगति दिसली कीं पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. टायराच्या कडेवर चार आंकड्यांचा एक शिक्का असतो. त्यांतले पहिले दोन आंकडे आठवड्याचे व नंतरचे दोन सालाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला. तीस हजार चाललेल्या २०१९ च्या गाडीला चारही टायर २०२४ चे असले, तर पहिले टायर इतक्या लवकर कोठें झिजले, हें विचारावें. अधिकृत कार्यशाळेंत झालेल्या दुरुस्त्यांची नोंद मिळाली, तर तीहून चांगला साक्षीदार नाहीं.

आतां पाण्याचें पाहूं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारों मोटारी पाण्यांत बुडाल्या. अशा गाड्या नाहींशा होत नाहींत. त्या धुतल्या जातात, वाळविल्या जातात आणि जेथें कोणास कांहीं ठाऊक नाहीं अशा दूरच्या गांवीं विकल्या जातात. गेवराईकरांना त्यासाठीं मुंबईकडे पाहण्याचीही गरज नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली आणि जायकवाडीचे दरवाजे उघडले, तेव्हां गोदाकांठच्या गांवांत पाणी शिरलें होतें. बुडालेली गाडी पहिले कांहीं महिने उत्तम चालते, हाच तिचा कपटीपणा. मग तारांचे सांधे हिरवे पडूं लागतात, दिवे मनाला येईल तसे लागतात, आणि एके रात्रीं गाडी सुरूच होत नाहीं. म्हणून आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. त्याच्या नेहमीं गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ असली तर तीच पुराची रेघ. पायाखालची चटई उचलून खालचा पत्रा पाहावा, डिकींतलें जादा चाक काढून त्याच्या खड्ड्यांत बोटें घालावीं, आसनाखालच्या रुळांचा गंज पाहावा. अत्तराचा वास दरवळत असेल तर कांचा लावून गाडी अर्धा तास उन्हांत उभी करावी. ओलीचा कुबट वास अत्तराला दबत नाहीं.

अपघाताच्या खुणा उन्हांतच दिसतात. म्हणून संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत गाडी पाहूं नये. तिरप्या उन्हांत एका दाराचा रंग दुसऱ्याहून किंचित् निराळा दिसला, मडगार्डाच्या व बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असले, एका कांचेवरचा कारखान्याचा शिक्का बाकीच्यांशीं जुळत नसला, तर त्या बाजूस कांहीं घडलें आहे. गॅरेजवाले ज्याला लांबी म्हणतात तो मसाला भरून पोचे बुजवितात. खिशांत लहानसें लोहचुंबक असेल, तर तेथें तें पत्र्याला धरत नाहीं. बारीकसारीक पोचे व ओरखडे मात्र माफ करावे. तालुक्याच्या गांवांत ज्या गाडीवर एकही ओरखडा नाहीं, तिचा रंग नुकताच काढलेला असण्याचाच संभव अधिक.

गाडी चालवून पाहणें तें महामार्गावर नव्हे. गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. शेतवस्तीकडे जाणारा कच्चा रस्ता, गतिरोधक, चढ, असा फेरा घालावा आणि गाणीं बंद ठेवावीं. काळ्या मातीच्या रस्त्यांनीं गाडीचें खालचें अंग लवकर सैल होतें. खड्ड्यांतून जातांना ठक् ठक् असा आवाज आला, तर खर्च मनांत धरून किंमत बोलावी.

किंमतीचा अंदाज विम्याच्या कागदावरून बराच येतो. विमाकंपन्या गाडीची मूळ किंमत ठराविक प्रमाणांत उतरवितात: दुसऱ्या वर्षीं २० टक्के, तिसऱ्या वर्षीं ३०, चौथ्या वर्षीं ४०, पांचव्या वर्षीं ५०. त्याच कागदावर नो क्लेम बोनसाचा आंकडा असतो, आणि तो फार बोलका. हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर भरपाई कशाबद्दल घेतली हें विचारावें. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून चांगला आंकडा दिसला तरी तो आधींच्या गाडीवरून आलेला असूं शकतो. आणि नव्या मालकाला तो मिळत नाहीं.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो कागदांत. सौदा ठरतो, पैसे दिले जातात, कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या जातात, आणि नांव बदलण्याचें काम 'पुढें पाहूं' म्हणून राहतें. गाडी मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हातीं जाते. अशाच एका गाडीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या फेब्रुवारींत निर्णय दिला, कीं नोंदणी ज्याच्या नांवावर तोच कायद्यानें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. पुण्यामुंबईच्या ज्या कुटुंबांनीं आपली जुनी गाडी दलालाच्या स्वाधीन करून विषय संपला असें मानलें आहे, त्यांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें: गाडी गेवराईच्या रस्त्यावर धांवते आहे, आणि न्यायालयाची नोटीस येईल ती कोथरुडांत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनीं परिवहन कार्यालयाकडे नोंदलेल्या अधिकृत विक्रेत्यावर अशा मधल्या काळाची जबाबदारी टाकली आहे; म्हणून मध्यस्थ अधिकृत आहे कीं नाहीं, हें दोन्ही बाजूंनीं विचारावें.

गेवराईची गाडी बीडच्या परिवहन कार्यालयाखालीं, म्हणजे एम. एच. २३ या क्रमांकाखालीं येते. नांव बदलण्यास फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात; गाडीवर कर्ज होतें असें नोंदणीपुस्तकांत दिसलें, तर बँकेचें ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हातीं आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. परराज्यांतील गाडी असेल तर फॉर्म २८ चें ना-हरकत प्रमाणपत्र व महाराष्ट्राचा कर, हें दोन्ही आलें. दिल्लींत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ मध्यें निर्बंध घातले, तेव्हांपासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तांत खपूं लागल्या. त्यांची स्वस्ताई कर भरल्यावर कितपत उरते, याचा हिशेब आधीं मांडावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं वाढते. चौदा वर्षांची गाडी घेणारा तपासणीचा खर्चही विकत घेतो. विमा आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आंत द्यावा. आणि गाडीच्या चासीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. कोरलेल्या जागीं खरवडल्याची खूण असेल तर तेथूनच परत फिरावें, किंमत कितीही कमी होवो.

पैसे देण्याच्या दिवशीं विकणाऱ्यासच बरोबर घेऊन बीडला जावें आणि अर्जाची पावती हातीं पडल्यावर उरलेली रक्कम द्यावी. त्याच वेळीं गाडीची दुसरी किल्लीही मागून घ्यावी. ती हरवली आहे असें उत्तर आलें, तर कुलपें बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करून मगच गाडी गेवराईच्या वाटेला लावावी.