झीलकऱ्यांचा वारसा



एखाद्या गायकाचा वारसा म्हटला म्हणजे त्याचीं गाणीं, त्याचे शिष्य आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु एखाद्या पथकाचा वारसा कशास म्हणावें? पथक म्हणजे चारचौघांचा मेळ. माणसें पांगलीं, थकलीं, निवर्तलीं, कीं मेळ मोडतो. मग मागें उरतें तें काय? हा प्रश्न आज लाल बावटा कलापथकाच्या निमित्तानें मी आपल्यापुढें ठेवीत आहें.

सन १९४४ मध्यें मुंबईच्या कामगार वस्तींत हें कलापथक उभें राहिलें. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं मातंग कुटुंबांत जन्मले. शाळेशीं त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाहीं. कुटुंबासह पायीं चालत ते लहानपणींच मुंबईस आले, आणि मजुरांच्या वस्तीनेंच त्यांस अक्षरें शिकविलीं. अमर शेख हे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नांव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवरील क्लीनरच्या आणि गिरणीकामगाराच्या कष्टांतून आलेला हा मनुष्य, आणि त्याचा आवाज असा पहाडी कीं मैदानावरील शेवटच्या रांगेलाही तो आपल्याच शेजारीं उभा राहून गात आहे असें वाटावें. गव्हाणकर स्वतः कवनें रचणारे आणि गाणारे शाहीर. तिघांचीं घरें निराळीं, गांवें निराळीं. पण तिघेही साम्यवादी पक्षाचे कार्यकर्ते होते आणि तिघांच्याही हातीं डफ होता.

या मंडळींनीं नवें वाद्य आणलें नाहीं कीं नवा छंद काढला नाहीं. ढोलकी, तुणतुणें, झांज, डफ हीं सारीं घरचींच. पोवाडा, लावणी, छक्कड, वग हे प्रकारही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. मात्र त्या जुन्या घरांत त्यांनीं नवें बिऱ्हाड आणून ठेवलें. तमाशाच्या आरंभीं गणपतीचें स्तवन व्हावयाचें, त्यामागून गौळण यावयाची. अण्णाभाऊंनीं गणाच्या ठिकाणीं मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलें, गौळण वगळली, आणि वगांतील राजा व प्रधान यांच्या जागीं सावकार, शेटजी, निवडणुकीचा उमेदवार अशीं ओळखीचीं माणसें उभीं केलीं. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचें इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ या नांवांवरूनच त्यांतील मजकुराची कल्पना यावी. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें तमाशावर निर्बंध घातले, तेव्हां हाच खेळ लोकनाट्य या नांवानें उभा राहिला. नांव बदललें, ढोलकी तीच राहिली.

आतां एका लहानशा गोष्टीकडे आपलें लक्ष वेधतों. पोवाडा एकट्यानें गातां येत नाहीं. मुख्य शाहीर चौक म्हणतो. त्याच्या पाठीशीं उभे असलेले झीलकरी सुर धरून ‘जी जी रं जी’ अशी झील देतात. शाहिरास श्वास घ्यावयास सवड मिळते, हा तिचा व्यावहारिक उपयोग. पण तिचा खरा गुण याहून मोठा आहे. झील म्हणजे गाण्यांत दुसऱ्यासाठीं राखून ठेवलेली जागा होय. ती म्हणावयास विद्या लागत नाहीं, गळा फारसा लागत नाहीं. ऐकतां ऐकतां समोरचा मनुष्य ती म्हणूं लागतो. गिरणीच्या दरवाजापाशीं जमलेले कामगार प्रथम श्रोते असत, आणि तिसऱ्या चौकापर्यंत तेच झीलकरी होत. माझ्या मतें या पथकाचा वारसा या झिलेंत आहे.

शिक्षक असतांना याचा मला रोकडा अनुभव आला. क्रमिक पुस्तकांतील पोवाडा मीं अर्थासह, अलंकारांसह नीट समजावून दिला, कीं मुलें जांभया देत. एके दिवशीं मागील बाकावरील एका मुलानें फळीवर बोटांनीं ताल धरला. मीं त्यास रागें न भरतां पुढें बोलाविलें. मी ओळ म्हणूं लागलों, त्यानें ताल दिला आणि सबंध वर्गानें झील धरली. परीक्षेंत त्या पोवाड्यावरील प्रश्न कोणी सोडला नाहीं. पाठांतर मीं करवून घेतलेंच नव्हतें. तें झिलेनें करविलें.

हाच विचार पुढें नेला म्हणजे या शाहिरांचें कोणतें गाणें टिकलें आणि कोणतें ग्रंथांत राहिलें, याचाही उलगडा होतो. अण्णाभाऊंनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. त्या काळीं तो गाजला, आणि रचनेच्या दृष्टीनें तो भारदस्तही आहे. परंतु आज तो अभ्यासक वाचतात. गांवचा मनुष्य गुणगुणत नाहीं. पक्षाच्या मतानें चालविलेली लेखणी आणि पोटांतून आलेली हांक यांत काळ निवड करतो. त्यांचीच ‘माझी मैना गांवावर राहिली’ ही छक्कड मात्र अद्याप लोकांच्या ओठीं आहे. पोटासाठीं मुंबईस आलेला गडी गांवीं राहिलेल्या आपल्या कारभारणीच्या आठवणीनें व्याकुळ होतो, अशी ती सुरू होते. त्या वेळच्या मुंबईंत ही कथा कोणाची नव्हती? घाटावरच्या आणि कोंकणच्या प्रत्येक खोलींत तीच होती. आणि मग, ऐकणाऱ्याच्या ध्यानीं येण्यापूर्वींच, ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होऊन जाते: बेळगांव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगांव. घरच्या विरहाला देशाच्या विरहाची जोड मिळते. ज्याला राजकारणांतील एक अक्षर कळत नव्हतें, त्यालाही आपल्या दुःखावरून तें राजकारण कळलें.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत अमर शेखांच्या आवाजानें हेंच गीत सभांतून घुमलें. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला, पुढें शंभरांवर माणसें हुतात्मा झालीं, आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. बेळगांव, कारवार आणि निपाणी मात्र पलीकडे राहिलीं. डांग व उंबरगांव गुजराथेंत गेलीं. त्या अर्थानें मैना अजून गांवावरच आहे, आणि सीमाभागांत हें गीत गाणाऱ्याचा गळा आजही दाटतो.

या कथेचा जोड दूरच्या एका बेटावर सांपडतो. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटाची राजधानी किंग्स्टन. तेथील ट्रेंच टाऊन नांवाच्या दरिद्री वस्तींत सन १९६३ च्या सुमारास बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर या तीन तरुणांनीं ‘वेलर्स’ नांवाचा ताफा उभारला. त्यांच्या संगीतास रेगे म्हणतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेले. त्या दुःखास आणि स्वाभिमानास त्यांनीं संथ, डुलत्या ठेक्यावर बसविलें. सन १९७४ मध्यें तिघे विभक्त झाले. मार्ली सन १९८१ मध्यें वारला, टॉशचा सन १९८७ मध्यें खून झाला, आणि बनी वेलरही सन २०२१ मध्यें गेला. परंतु त्यांचें पालुपद आज आफ्रिकेपासून जपानपर्यंत लोक एकमुखानें म्हणतात, आणि सन २०१८ मध्यें युनेस्कोनें रेगे संगीतास मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जगभर गेल्या. आमच्या शाहिरांची बैठक मैदानांत होती. हा भेद मोठा खरा. तरी दोहोंकडे गाणें तरलें तें एकाच कारणानें: गाणाऱ्यांनीं ऐकणाऱ्यांसाठीं जागा सोडली होती.

आमचे शाहीरही फार लवकर गेले. १८ जुलै १९६९ रोजीं अण्णाभाऊ गेले, आणि बरोबर सहा आठवड्यांनीं, २९ ऑगस्ट रोजीं, अमर शेख मोटार अपघातांत गेले. एकाचें वय ४८, दुसऱ्याचें ५२. मेळ मोडला, पण झील थांबली नाहीं. दलित वस्त्यांतील आणि कामगार चाळींतील पुढच्या शाहिरांनीं तीच ढोलकी खांद्यास अडकविली. संभाजी भगतांसारखा शाहीर त्याच वाटेनें आला; सन २०१४ च्या ‘कोर्ट’ या चित्रपटांत एका वृद्ध लोकशाहिरावरील खटल्याची कथा आहे, आणि त्यांतील गाणीं भगतांचींच आहेत.

मग चिंता कसली, असें आपण विचाराल. चिंता ही कीं, आपण या मंडळींचा मान वाढविला आणि त्यांचें गाणें म्हणण्याचें सोडलें. अण्णाभाऊंच्या नांवें टपालाचें तिकीट निघालें. सन २०२२ मध्यें मॉस्को येथें त्यांचा पुतळाही बसला. हें योग्यच झालें. परंतु जयंतीच्या दिवशीं काय होतें? ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते, गाणें आकाशांत जातें, आणि खालीं जमलेल्या मनुष्याचा स्वतःचा आवाज त्यास ऐकूं येत नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांत याच्या उलट प्रकार: प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र यंत्र, आणि घरांत शांतता. पहिल्या ठिकाणीं झील बुडते, दुसऱ्या ठिकाणीं ती जन्मतच नाहीं.

आमचें सारोळें पुणें-सातारा रस्त्यावर नीरेच्या कांठीं आहे. याच रस्त्यानें दक्षिणेकडील माणसें पिढ्यान्‌पिढ्या पुण्या-मुंबईकडे पोट भरावयास गेलीं. भोर-वेल्ह्याच्या मावळांतील कित्येक घरांनीं आपले कर्ते पुरुष असेच मुंबईस धाडले. आतां पूल ओलांडला कीं पलीकडे शिरवळच्या बाजूस कारखाने उभे आहेत, आणि विदर्भ, मराठवाडा, उत्तर हिंदुस्थान येथून आलेले तरुण आमच्या आसपासच्या खोल्यांतून भाड्यानें राहतात. रात्रपाळी करून आलेला असा एखादा मुलगा ओट्यावर बसून दूरध्वनीवर हळू आवाजांत घरीं बोलतांना दिसतो, तेव्हां माझ्या मनांत येतें: मैना आतां याच्या गांवावर राहिली आहे. त्याची भाषा कदाचित् निराळी असेल, पण छक्कड त्याचीच आहे. ती त्याला कोणीं ऐकविली पाहिजे, आणि तिची झील त्याच्या तोंडून आली पाहिजे.

म्हणून श्रोत्यांस माझी विनंती इतकीच. आपल्या घरीं शाहिरांचें पुस्तक असेल तर तें कपाटांतून काढा. चाल येत नसेल तर जुन्या माणसास विचारा. शब्द कागदावर राहतात, चाल मात्र गळ्यांतच राहते, आणि ते गळे आतां थोडे उरले आहेत. मुलांना जवळ बसवा. एकानें ओळ म्हणावी, बाकीच्यांनीं झील द्यावी. सूर थोडा चुकला तरी चालेल. गिरणीच्या दरवाजापाशीं उभ्या असलेल्या माणसांचाही तो चुकतच असेल. पथक गेलें, त्यानें आपल्यासाठीं सोडलेली जागा अजून मोकळी आहे.