नव्या भिंती आणि पहिला खिळा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अवकाशविज्ञानापर्यंत मोठमोठे विषय येतात. त्या पंगतीत ‘बिल्डरने दिलेले कोरे घर आपलेसे कसे करावे’ हा विषय म्हणजे श्रीखंड-पुरीच्या ताटात कुणीतरी पिठले-भाकरी वाढावी तसा आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी तो जरा भीत भीतच सांगितला. पण ते स्वतः नुकतेच चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेलेले. त्यांनी एकदम होकार दिला, आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले की, हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही.

कारण ताजे आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना म्हाडाने नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या दिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचाही असाच पुनर्विकास हाती घेतला आहे. आणि गिरगाव, लालबाग, परळ या भागांत तर कोणत्याही गल्लीत शिरा, एक चाळ खाली बसत असते आणि तिच्या शेजारी एक मनोरा वर उठत असतो.

अशा काही घरांत मी जाऊन आलो. दार उघडले की पांढरी भिंत, पांढरी चकचकीत फरशी, पांढऱ्या छताला पांढरा दिवा. शेजारच्या घरात गेलात तरी तेच, वरच्या मजल्यावर गेलात तरी तेच. घर वाईट नाही. पाणी आहे, हवा आहे, उजेड आहे. पण घरातली आजी सोफ्याच्या अगदी कडेवर बसलेली असते, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसावे तशी. हे घर आपले आहे हे तिला कागदावरून ठाऊक असते. अंगाला अजून पटलेले नसते.

यावर उपाय म्हणून आपण काय करतो? इंटिरिअरवाल्याला बोलावतो. तो छताखाली प्लास्टरचे दुसरे छत करतो, टी.व्ही.च्या मागे चकचकीत पाट्या लावतो, आणि आठ-दहा लाखांचा आकडा लिहून देतो. खर्च होतो, कर्जही होते, आणि आजी सोफ्याच्या कडेवरच राहते. माझे म्हणणे असे की, कोऱ्या घरात ऊब आणण्याची विद्या या गिरणगावाला नव्याने शिकायचीच नाही. ती त्याने शंभर वर्षांपूर्वी एकदा करून दाखविली आहे, आणि तीही आजच्यापेक्षा फार कठीण परिस्थितीत.

ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की, चाळ जन्मतःच आपुलकीची होती. तसे मुळीच नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे बी.डी.डी. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. भिंती काँक्रीटच्या, खोल्या एकसारख्या, संडास समाईक. सरकारी अभियंत्याने एक खोली काढली आणि ती साडेसोळा हजार वेळा छापली म्हणा ना! आजचा बिल्डर तरी निदान दोन-तीन प्रकारचे नकाशे दाखवतो.

लोकांना ही घरे इतकी परकी वाटली की, सुरुवातीची बरीच वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा वरळीच्या काही चाळींचा सरकारने सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. म्हणजे पाहा, ज्या वास्तूला तुरुंग करताना फारसे काही बदलावे लागू नये, अशा वास्तूत आपल्या आजोबा-पणजोबांनी पुढे संसार थाटले. आणि आज त्या वास्तू सोडताना माणसांच्या डोळ्यांना पाणी येते. मधल्या काळात तिथे काय घडले?

सरकारने काही सजावट केली नाही हे निश्चित. घडले ते असे की, खोलीला घड्याळाप्रमाणे रूप बदलायला शिकवले गेले. पहाटे ती स्वयंपाकघर, शाळेच्या वेळेला अभ्यासिका, दुपारी वाटण-निवडण करण्याची जागा, पाहुणे आले की दिवाणखाना, रात्री वळकट्या सोडल्या की शयनगृह. गिरणीच्या पाळ्यांचे दिवस होते तेव्हा एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर पाठ टेकत असे. परळ-लालबागच्या कित्येक बायकांनी तेवढ्याच जागेत कामगारांची खानावळ चालविली. अशाच खानावळवाल्या भगिनींची संघटना म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. हे सारे शक्य झाले ते जमीन मोकळी ठेवल्यामुळे. सामान सगळे भिंतीवर नाहीतर खाटेखाली: डोक्यावर पोटमाळा, त्याखाली वाळत घालायची दांडी, भिंतीला भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात फडताळ, दाराआड खुंट्या, खाटेखाली ट्रंका. मांडणीवर पितळेचे डबे उतरत्या भाजणीने लावलेले. वर्षातून एकदा, गणपतीपूर्वी, चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंतींना हात द्यायचा. प्रत्येक खोलीची निळाई किंचित निराळी उतरत असे, कारण चिमूट प्रत्येकाची निराळी.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर मी चाळीची आरती ओवाळतो आहे असे वाटेल. १९५८ साली पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून चाळीच्या आठवणी काढून हसण्या-रडण्याची आपल्याला सवय लागली. त्या आठवणी सांगणारे बहुधा पुरुष असतात. पहाटे चारला नळावर उभी राहणारी, रात्री-अपरात्री समाईक संडासाकडे जायला दुसरीची सोबत शोधणारी बाई या आठवणींत क्वचितच बोलते. तिला विचाराल तर नव्या घरातली पहिली ऊब ही, की आतून कडी लागणारे स्वच्छतागृह घरातच आहे. माझेही मत तेच आहे. चाळीतले जे न्यायचे ते तिची गैरसोय नव्हे, तिथली कला.

खोलीला चेहरा कशाने येतो याचे फार थोर उदाहरण परळमध्येच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब कित्येक वर्षे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, हा ट्रस्ट स्थापन झाला; त्याच्या चाळीही ठोकळेबाजच. पण दोन खोल्यांपैकी एक ग्रंथांना आणि अभ्यासाला मिळाली, आणि त्या ठोकळ्याला असा चेहरा आला की लोक आजही ती जागा पाहायला जातात. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले तेही मुख्यतः पुस्तकांना घर हवे म्हणून. या घरात कोणते काम सर्वांत महत्त्वाचे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडविला. भिंतींचा प्रश्न मग आपोआप सुटला. आपण आधी भिंतीचा रंग ठरवतो, मग सोफा, आणि मुलीने अभ्यासाला बसायचे कुठे हे दहावीचे वर्ष आल्यावर आठवते.

दादर-माटुंग्याला १९३०-४० च्या सुमारास ज्या इमारती झाल्या त्याही कंत्राटदारांनीच बांधल्या, पण तिथे रहिवाशाचे अर्धे काम बांधणाऱ्याने करून ठेवले होते. जिन्याच्या कठड्याला वळण, गज्यांत उगवत्या सूर्याची नक्षी, पायाखाली रंगीत सिमेंटच्या फरशा. १९२२ साली निघालेल्या भारत टाइल्सच्या फरशा मुंबईत घरोघर गेल्या त्या याच पिढीत. आज ते अर्धे कामही आपल्याकडे आले आहे. तक्रार करण्यात अर्थ नाही, कामाला लागू.

पहिला प्रश्न खिळ्याचा. नव्या मनोऱ्यांत बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती करतात. त्यांत हातोडीने खिळा शिरत नाही, वाकतो. अशी भिंत भार पेलणारी असल्याने ती फोडायची, खाचायची तर बातच नको. मग मंडळी वैतागतात आणि आजोबांची तसबीर वर्षभर गादीखाली राहते. यावर जुन्या खुंट्यांच्या पट्टीसारखा उपाय नाही. चांगल्या लाकडाची चार-पाच बोटे रुंदीची लांब पट्टी घ्या, सुताराकडून ड्रिलने चार भोके पाडून एकदाच भिंतीला पक्की करा. स्विचच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून विजेची तार गेलेली असते. मग त्या पट्टीवर हवे ते टांगा, हवे तेव्हा बदला. लाकूड मात्र जुनेच वापरा. पाडलेल्या चाळींचे सागवान भंगारात जाते, रे रोडच्या वखारींतून फिरते आणि शेवटी एखाद्या महागड्या हॉटेलात टेबल होऊन बसते. तिथे त्याच्यावर कॉफी पिण्यापेक्षा आपल्याच खिडकीची चौकट आपल्या भिंतीवर असलेली बरी.

दुसरी गोष्ट उजेडाची. हिला सर्वांत कमी पैसे पडतात. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ६५०० चा दिवा पांढराफटक, दुकानाला योग्य. २७०० ते ३००० चा पिवळसर, जुन्या बल्बसारखा. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावला की माणसांचे चेहरे निस्तेज दिसतात. त्याऐवजी कोपऱ्यांत कमी उंचीवर दोन-तीन पिवळसर दिवे लावा. वाचण्याच्या जागी तेवढा स्वतंत्र प्रखर दिवा ठेवा.

तिसरी आवाजाची. नव्या घरात बोलले की शब्द परत अंगावर येतात, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. गुळगुळीत फरशी, उघडी भिंत आणि काच यांना आवाज पिता येत नाही. आजीला ऐकू कमी येते असे आपण म्हणतो. अनेकदा तिला ऐकू येते, पण प्रतिध्वनीमुळे उमगत नाही. सतरंजी, जाड सुती पडदे, पुस्तकांचे भरलेले कपाट आणि आईने शिवलेल्या गोधड्या यांनी हा दोष बराच कमी होतो. ज्या गोधड्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून आपण पेटीत कोंबतो, त्याच!

आणि जमीन मोकळी ठेवा. ५०० चौरस फूट ऐकायला पुष्कळ, पण सात माणसांचा सोफा, सहा माणसांचे टेबल आणि दोन डबल बेड आले की घर चाळीपेक्षा अडचणीचे होते, आणि गणपतीत मखर कुठे करायचे यावरून वाद होतात. गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेली २२५ चौरस फुटांची घरे आहेत. त्यांत तर हा हिशेब चुकवून चालतच नाही. बैठकीच्या खोलीत एक भिंत तरी अशी राखा की तिच्याशी सतरंजी टाकून चार बायकांना शेवया वळता येतील, दोन मुलांना पालथे पडून चित्रे काढता येतील.

आता सर्वांत अवघड गोष्ट: दार. चाळीत घर गॅलरीपर्यंत होते. भाजी निवडणे, वेणी घालणे, वर्तमानपत्र वाचणे, सारे दारात. नव्या इमारतीत दाराबाहेर लिफ्ट आणि अरुंद मार्ग. तिथे खुर्ची, कुंड्या, चपलांचे कपाट मांडू नका; आग लागली तर तोच पळण्याचा रस्ता आहे, आणि विसाव्या मजल्यावर त्याची किंमत निराळी असते. पण जाळीचे आतले दार बसवून मुख्य दार संध्याकाळी दोन तास उघडे ठेवायला कोणता नियम आड येतो? मी पाहिलेल्या एका मजल्यावर तीन बिऱ्हाडांनी असे ठरविले आहे. पाच ते सात दारे उघडी. फार काही घडत नाही. कुकरच्या शिट्ट्या, मुलांचे पाढे, एकमेकींच्या घरातल्या मालिकांचे सूर. पण त्या मजल्यावरची म्हातारी माणसे मला खुर्चीच्या कडेवर बसलेली दिसली नाहीत.

इंटिरिअरचे पैसे निम्मे तरी वाचवा असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे आणखी एक कारण आहे. मनोऱ्याला लिफ्ट असते, पंप असतो, पहारा असतो. त्यांचा देखभाल खर्च महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. छताला लाखो रुपये लावून पुढे हा खर्च झेपला नाही, तर घर विकून विरार-बदलापूर गाठावे लागते. सजवलेले घर दुसऱ्याच्या ताब्यात देण्यापेक्षा साधे घर आपल्या ताब्यात असलेले चांगले.

जे अजून चाळीत आहेत, ज्यांना निघायची नोटीस यायची आहे, त्यांच्यासाठी शेवटचे. सारी नासाडी निघण्याच्या शेवटच्या आठवड्यात होते. माणूस दमलेला असतो, टेम्पोवाला खाली भोंगा वाजवत असतो, आणि ‘नव्या घरात नवेच घेऊ’ असे मुलगा म्हणतो. म्हणून महिनाभर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. नव्या घराचा नकाशा मागून घ्या, आणि पाट, चौरंग, मांडणी, फडताळ, देव्हारा यांची मापे टेपने घेऊन कोण कुठे बसते ते त्यावर आखा. जे बसत नाही ते नातेवाइकांना विचारा. आणि भंगारवाला दारात येईल. तो तांबे-पितळ वजनावर मागतो आणि सागवानाची चौकट उचलायची मजुरीही तुमच्याकडूनच घेऊ पाहतो. पहिल्या खेपेला त्याला रिकाम्या हाताने परत पाठवा. काळजी करू नका, तो पुन्हा येतोच.