बटणामागे कोण ऐकतंय?

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला खरं तर बँकेतल्या आठवणी सांगायला उभं केलंय. पण त्या तुम्ही पंचवीस वर्षं कट्ट्यावर ऐकतच आला आहात. आज मी एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझीच आहे, आणि ती संस्थेच्या लॅपटॉपवर झाली.

गेल्या ऑगस्टमध्ये खजिनदार म्हणाले, "साहेब, लॅपटॉप फार हळू चालतोय." मी म्हटलं, बघतो. कंट्रोल पॅनेल उघडून प्रोग्रॅमची यादी काढली. कंपनीनं विकतानाच घालून दिलेले पंधरा-वीस प्रोग्रॅम दिसले. काही खेळ होते, एक महिनाभर फुकट असलेला अँटिव्हायरस होता, आणि 'युटिलिटी', 'सर्व्हिस', 'हॉटकी' असली नावं होती. मला ज्याचा अर्थ कळला नाही ते सगळं मी काढून टाकलं. बँकेत असं कधी केलं नसतं. अनोळखी खातं दिसलं म्हणून कुणी ते बंद करून टाकतं का? आधी खातं कुणाचं ते बघतो. पण घरच्या यंत्रावर माणूस जरा शूर होतो.

सप्टेंबर उजाडला. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब मांडायचे. लेखापरीक्षकांशी व्हिडिओवर बोलायला बसलो, तर आमचा आवाजच जाईना. माईकच्या बटणावरचा छोटा दिवा लागेना की विझेना. त्याच संध्याकाळी खजिनदारांनी टॅली उघडलं. टॅली वापरणाऱ्यांना ठाऊक आहे, एफ४ म्हणजे काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल. त्यांनी पेमेंटसाठी एफ५ दाबलं, तर पडदा अंधारला. एफ६ दाबलं तर उजळला. व्हाउचर काही उघडेना.

दुकानात नेला. तिथं सांगितलं, "कीबोर्ड गेला. बदलावा लागेल, साडेतीन हजार." खजिनदार पैसे काढायच्या तयारीत होते. मी म्हटलं, एक रात्र थांबा. आमच्या शेजाऱ्यांकडून साधा यूएसबी कीबोर्ड उसना आणला आणि जोडला. त्यावर एफ५ दाबताच पेमेंटचं व्हाउचर उघडलं. म्हणजे टॅली ठीक, विंडोजही ठीक. मग लॅपटॉपच्याच कीबोर्डवर अक्षरं टाइप केली, तीही सगळी उमटली. सगळी अक्षरं उमटवणारा कीबोर्ड 'गेला' कसा?

इथून पुढचं जरा नीट ऐका, कारण हे तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

लॅपटॉपचा शॉर्टकट चालवणारे मालक तीन असतात. पहिला मालक आतल्या बोर्डावरची एक चिप. खाली डावीकडं एफएन नावाचं बटण असतं ना, ते सहसा विंडोजला दिसतच नाही, ती चिपच सांभाळते. दुसरा मालक विंडोज. कंट्रोल-सी, विंडोज-एल, प्रोजेक्टरसाठी विंडोज-पी हे कुठल्याही कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवर सारखेच चालतात. आणि तिसरा मालक म्हणजे कंपनीनं घातलेला तो छोटा प्रोग्रॅम. काही बटणं दाबली की चिप नुसती वर्दी देते, 'अमुक बटण दाबलं'. ती वर्दी घ्यायला कुणी बसलेलं नसेल तर काहीच होत नाही. दारावरची घंटा वाजतेय, घरात माणूस नाही, तसं. त्या माणसालाच मी ऑगस्टमध्ये घराबाहेर काढलं होतं.

या माणसाचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं, म्हणून घोटाळा होतो. एचपीवर 'हॉटकी सपोर्ट' आणि 'सिस्टीम इव्हेंट युटिलिटी', लेनोवोवर 'हॉटकीज' आणि 'व्हँटेज', जुन्या डेलवर 'क्विकसेट', एसरवर पूर्वी 'लाँच मॅनेजर' आणि नंतर 'क्विक अ‍ॅक्सेस', जुन्या एसुसवर 'एटीके पॅकेज'. यातल्या एकाही नावात 'तुमचा माईक याच्यामुळे चालतो' असं लिहिलेलं नसतं. 'एटीके पॅकेज' वाचून मला तर कुरिअर आल्यासारखं वाटलं असतं.

मग मालक ओळखायचा कसा? आवाज कमी-जास्त करणं सहसा विंडोज स्वतःच बघतं, त्यामुळं माझ्या पराक्रमानंतरही ते चालू राहिलं. बटणांखालचा दिवा विंडोज सुरू व्हायच्या आधीच, कंपनीचं चिन्ह दिसत असताना चालू-बंद होत असेल, तर तो चिपचा. शेजाऱ्याच्या वेगळ्या कंपनीच्या लॅपटॉपवर तेच शॉर्टकट चालत असेल, तर ते विंडोजचं. उरलं ते तिसऱ्याचं, असं धरून चालायचं आणि तपासायचं.

तपासायची रीत मात्र बँकेतलीच. ताळेबंद जुळत नसला की आम्ही सगळ्या नोंदी एकदम खोडत नव्हतो. फरक काढायचो. फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ४५० च्या जागी ५४० लिहिलं तर फरक ९०. आणि एका वेळी एकच नोंद हलवायची. इथंही तसंच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप'ची यादी आहे. संशयित प्रोग्रॅम तिथं फक्त 'डिसेबल' करा, एका वेळी एकच. लॅपटॉप बंद करून चालू करा, सगळी बटणं दाबून बघा, वहीत लिहा. काही बिघडलं तर परत 'एनेबल'. अनइन्स्टॉल शेवटी, तेही नाव लिहून ठेवल्यावर.

आमच्याकडं दोन फरक एकत्र झाले होते, म्हणून कळायला वेळ लागला. माईकचा दोष माझा. लॅपटॉपखालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्याच साइटवरून तो प्रोग्रॅम परत घातला, दिवा लागला. एफ५ चा दोष मात्र निराळाच. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की वरच्या ओळीची कामं उलटी होतात. एफ५ हा एफ५ राहत नाही, चित्रातलं काम करतो. काही लॅपटॉपवर हीच सोय बायोसमध्ये असते. कुणाचा तरी हात लागला असणार. परत एफएन-एस्केप दाबलं आणि पेमेंट उघडलं. साडेतीन हजार वाचले, सभा वेळेत झाली.

आता कुणी म्हणेल, मग कंपनीनं दिलेलं काहीच काढू नये का? तसंही नाही. मे २०१७ मध्ये मॉडझिरो नावाच्या एका स्विस सुरक्षा कंपनीनं एक गोष्ट उघड केली. एचपीच्या काही लॅपटॉपवर ध्वनीसाठी कोनेक्संट या कंपनीचा 'मिकट्रे' हा प्रोग्रॅम होता. त्याचं काम एवढंच, माईक बंद-चालू करायचं बटण दाबलं की ओळखायचं. पण तो दाबलेलं प्रत्येक बटण एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता. पासवर्डसकट! चोरण्यासाठी नव्हे, चाचणीसाठी ठेवलेला भाग काढायचा राहून गेला होता. एचपीनं नंतर दुरुस्ती दिली. पण विचार करा, एका बटणाची वाट बघणाऱ्याला सगळीच बटणं ऐकू येत असतात. म्हणून हे प्रोग्रॅम डोळे झाकून काढू नयेत आणि डोळे झाकून ठेवूही नयेत. कंपनीकडून सुधारित प्रत आली की ती घालावी. तुम्ही त्याच बटणांवर पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड टाइप करता, बरं का.

एक गंमत सांगून थांबतो. मागं एकदा समितीच्या बैठकीत लॅपटॉपचा पडदा अचानक उलटा झाला. वरचं खाली, खालचं वर. एक ताई लगेच म्हणाल्या, "आपल्या गावात नामदेवांसाठी देऊळ फिरलं होतं, खजिनदारांसाठी पडदा फिरला!" हशा पिकला, पण अर्धा तास कुणाला काही सुचेना. कुणी मान वाकडी करून वाचत होतं, एकानं तर लॅपटॉपच उलटा धरला. तो इंटेलच्या ग्राफिक्सबरोबर आलेला शॉर्टकट होता. जुन्या लॅपटॉपवर कंट्रोल, अल्ट आणि खालचा बाण दाबला की पडदा उलटा, वरचा बाण दाबला की सरळ. हाही विंडोजचा नव्हे, तिसऱ्या मालकाचा.

संस्थेच्या लॅपटॉपची बटणं आणि त्यांचे मालक मी एका कागदावर लिहून कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी तिथं बसणार आहे. ज्यांची बटणं रुसलीत त्यांनी लॅपटॉप घेऊन यावं. येताना चार्जर आणा, आणि कुणाकडं साधा यूएसबी कीबोर्ड असेल तर तोही आणा. शेजाऱ्यांचा मी परत केलाय.