स्वमग्न मूल आणि आईबापांची शाळा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, 'स्वमग्न मुलांच्या पालकांचे शिक्षण'. विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की अडचण मुलाला आहे, मग शाळा आईबापांना कशाला? आज मी एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हा साथीचा रोग नाही आणि वेडही नाही. अशा मुलाच्या मेंदूची घडण मुळातच वेगळी असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, चार माणसांत मिसळणं त्याला जड जातं. वर्ष उलटलं तरी नावाने हाक मारल्यावर मूल वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी 'ते बघ' म्हणून बोट दाखवत नाही. आलेले दोन-चार शब्द निघून जातात. खेळातली गाडी चालवण्याऐवजी तिचं एकच चाक फिरवत बसतं. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून ओरडतं. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून मूल स्वमग्न ठरत नाही. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नये. आधी कानांची तपासणी करावी आणि मग बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. "त्याचा बाप पण उशिराच बोलला होता," असं म्हणत आपण दोन-तीन वर्षं घालवतो. शिकवायला सर्वांत मोलाची वर्षं नेमकी तीच असतात.

आणि निदान झालं की घरात काय होतं? सगळी बोटं आईकडे वळतात. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, नोकरीला जात होती, मुलाकडे बघितलं नाही! भगिनींनो, हा अन्याय अडाणी लोकांनीच केला असं समजू नका. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. त्यानंतरची कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान सांगत होते, की आईच्या मायेला ऊब नाही म्हणून मूल असं झालं. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे म्हणणं खोडून काढलं आणि स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे हे मांडलं. हा माणूस स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. आज विज्ञान सांगतं, की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या वागण्याने स्वमग्नता येत नाही. लसीनेही येत नाही. तसा दावा करणारा १९९८ सालचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला. म्हणून कुणाचं ऐकून लस चुकवू नका.

गेल्या जन्मीचं पाप, करणी, बाहेरचं काही, हे तर आपल्या तोंडी शोभतच नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली जो ताईत-अंगारा घराबाहेर काढायला लावला, तो मुलाच्या काळजीपोटी मागच्या दाराने आत येऊ देऊ नका. तसेच आजचे नवे बाबा ओळखा. "स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, मूल खात्रीने बोलेल," असं सांगून लाखो रुपये घेणारे आहेत. त्या उपचाराने स्वमग्नता जाते असा पुरावा नाही. दागिने मोडू नका, कर्ज काढू नका.

मग करायचं काय? आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आठवड्याचे तास होतात १६८. थेरपीवाल्या बाई मुलाला देतात त्यातले दोन, फार तर तीन. उरलेले सगळे तास मूल तुमच्यापाशी असतं. म्हणूनच शिकायचं ते आईबापांनी. आपल्या देशात दिल्लीला १९९१ साली मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. त्याही स्वमग्न मुलाची आई. त्या संस्थेने पालकांना शिकवण्यावरच भर दिला.

कुणी म्हणेल, दिल्लीचं आपल्याला काय? तर आपल्या शेजारच्या गोव्याचं ऐका. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून ६५ मुलांचा एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण निम्म्या मुलांच्या पालकांना शिकवलं गेलं. शिकवणारे मोठे डॉक्टर नव्हते, तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई मुलाशी खेळते त्याचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि तो तिच्याबरोबर बसून बघायचा. मुलाने कधी बघितलं, कधी हात पुढे केला, तेव्हा आपण काय केलं, हे आईने स्वतः पाहायचं. यातून पालक मुलाच्या कलाने वागायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. मुलं 'बरी झाली' असा दावा कुणी केला नाही. पण मूल आपणहून आईकडे वळतं, ही लहान गोष्ट आहे का?

घरी करता येण्यासारख्या पाच गोष्टी सांगते, ध्यानात ठेवा.

पहिली, रोज पंधरा मिनिटं टीव्ही-मोबाइल बंद करून मुलासमोर जमिनीवर बसा. त्याचा खेळ मोडू नका, त्यातच सामील व्हा. ते चाक फिरवतंय, तर तुम्हीही फिरवा.

दुसरी, कमी बोला आणि थांबा. "बाळा, चल लवकर पाणी पिऊन घे बघू" असं लांबलचक नको, नुसतं "पाणी" म्हणा. मग मनात दहा अंक मोजा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो.

तिसरी, सगळं मागण्याआधीच हातात देऊ नका. बिस्किटाचा एक तुकडा द्या आणि थांबा. त्याने बघितलं, बोट केलं, आवाज काढला, की लगेच दुसरा द्या. बोलता येत नसेल तर चित्र दाखवून मागायला शिकवा. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही.

चौथी, दिवसाचा क्रम ठरवा आणि तो चित्रांनी भिंतीवर लावा. आंघोळ, नाश्ता, अंगणवाडी. पुढे काय होणार हे कळलं की त्याची भीती कमी होते.

पाचवी, मूल आकांत करतं तेव्हा मारू नका. आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं, हे वहीत लिहा. आठ-पंधरा दिवसांत कारण दिसू लागतं. कधी आवाज असतो, कधी भूक, कधी दुखणारा दात.

आणि हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात नको. बापांनो, ती पंधरा मिनिटं तुम्हालाही लागू आहेत. धडधाकट भावंडालाही रोज थोडा वेळ द्या, नाहीतर ते मनातल्या मनात झुरतं.

कागदपत्रांचा आळस करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्ट नावाने आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल १८ वर्षांचं झाल्यावर, गरज असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. "आमच्या मागे याचं कोण?" हा प्रश्न रात्री झोप उडवतो. त्याचं निदान कागदावरचं उत्तर तरी आपल्या हयातीत तयार ठेवू या.

शेवटी वस्तीला दोन शब्द. अशी घरं हळूहळू लग्नाला, बारशाला येईनाशी होतात, कारण लोक बघतात आणि कुजबुजतात. विहारात एखादं मूल वंदनेच्या वेळी उठून फिरलं तर फिरू द्या, आईकडे रोखून बघू नका. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज त्याला सोसत नाही, तर त्याच्या दारापुढून जाताना आवाज कमी करा. मैत्री आणि करुणा आपण रोज म्हणतो. ती अशा वेळी दिसली पाहिजे.

महिला मंडळाला माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार, एक तास, अशा आईबापांसाठी विहाराची खोली उघडी ठेवा. एकाने घरी काय करून पाहिलं ते दुसऱ्याला सांगावं, एवढंच. चटई आपल्याकडे आहे, जागाही आहे. फी नाही, फळा नाही, तरी ती शाळाच होईल.